डब्यातली नाणी विकण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी नाणी जमवण्याचा आणि ती वाचण्याचा मला नाद आहे, हे आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे अधूनमधून कुणी ना कुणी डबा, बटवा, कधी नुसतीच रुमालाची गाठ घेऊन दारात उभं राहतं. गेल्या उन्हाळ्यात तेरजवळच्या एका खेड्यातल्या बाई अशाच आल्या. सोबत बारावी झालेला मुलगा, आणि पिशवीत चहापत्तीचा जुना पत्र्याचा डबा.

"सर, मामंजींची नाणी हायेत. लेकरू म्हणतंय, ऑनलाइन विकली की लाखानं पैसे येतेत."

लेकराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाचा पहिला हप्ता भरायचा होता. त्यानं एका नाण्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, नाणं बावीस लाखांना घेतो, पण आधी नोंदणी शुल्काचे साडेतीन हजार भरा. बाईंनी पैसे गोळा केले होते. भरण्याआधी एकदा विचारून घ्यावं, म्हणून त्या आल्या होत्या. नाणं कुठलं, ते मी पाहिलं. २०१२ साली वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या पंचवीस वर्षांनिमित्त सरकारनं काढलेलं पाच रुपयांचं नाणं. ते आजही चलनात आहे. किराणा दुकानात त्याचे पाच रुपयेच येतात.

अशा फोनांची संख्या एवढी वाढली की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढावी लागली. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कुणाकडून कमिशन किंवा शुल्क घेत नाही, आणि तिच्या नावानं तसं घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. व्यवहाराची साधी गोष्ट बघा. विकणारे आपण, तर पैसे आपल्याकडे यायला हवेत. ज्या विक्रीत विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, ती विक्री नव्हे. मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी.

साडेतीन हजार वाचले. पण हप्ता तसाच होता, आणि डबाही समोर होता. मग आम्ही तिघं जमिनीवर सतरंजी टाकून बसलो.

डबा उघडला तेव्हा वरची पाचसहा नाणी नव्यासारखी लखलखत होती. बाई म्हणाल्या, "चिंच लावून घासलीत. बघणाऱ्याला बरी दिसावीत." त्यांचा हेतू चांगला होता, पण नुकसान तिथंच झालं होतं. तांब्याच्या नाण्यावर काळानं जो तपकिरी थर चढतो, तो मळ नसतो. धातूची ती कातडीच असते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, राख यातलं काहीही लावलं की हा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. जाणकार ग्राहक घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच ओळखतो आणि बाजूला ठेवतो. नाण्याला फारच माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवावं आणि मऊ कापडानं नुसतं टिपून घ्यावं, चोळू नये. चकचकीत प्लास्टिकचे स्वस्त अल्बमही टाळा. त्यातलं काही प्लास्टिक वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं. त्यापेक्षा कागदाची छोटी पाकिटं बरी, प्रत्येक नाण्याला एक.

मी नाणी मोजली. एकशे सदतीस भरली. डब्याच्या तळाशी एक रिकामी फडक्याची पुरचुंडी होती, सुटलेली, आणि तिच्यात घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर म्हाताऱ्यांच्या अक्षरात दोनच शब्द होते, "पांढरीतली. तेर." मी मुलाला विचारलं, यातली नाणी कुठं आहेत? तो म्हणाला, "मी सगळी एकत्र ओतली. फोटो काढायला."

या चिठ्ठीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी सोप्या ढिगांचं बोलतो.

धाराशिव जिल्ह्यातला डबा हा पुण्या-सातारच्या डब्यासारखा नसतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि निजामाचं चलन वेगळं होतं. त्याला म्हणायचे हाली सिक्का. इंग्रजांच्या रुपयाला म्हणायचे कलदार. आणि बार्शी, सोलापूर या आपल्या मोठ्या बाजारपेठा होत्या इंग्रजी हद्दीत. मधे करोडगिरीचं नाकं. माल विकायला बार्शीला गेलेला शेतकरी कलदार घेऊन यायचा, सारा भरायचा तो हालीत. म्हणून आपल्याकडच्या डब्यात दोन्ही राज्यांची नाणी मांडीला मांडी लावून बसलेली असतात. पुढे हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा बदलण्याचा दर ठरला. घरातले वृद्ध अजून 'सात हालीचे सहा' म्हणतात, ते हेच.

आता रेडिओवर मला नाणं दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांसमोर आणा. हाली रुपयाच्या एका बाजूला मधोमध चारमिनार. त्याच्या कमानीत एक बारीक उर्दू अक्षर. ते 'मीम' असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांचं. 'ऐन' असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांचं, ज्यांच्या नावावरून आपल्या गावाला उस्मानाबाद हे नाव मिळालं होतं. महबूब अली खान १९११ साली वारले, तेव्हा नुसत्या या एका अक्षरावरून नाणं १९११ च्या अलीकडचं की पलीकडचं, हे कळतं. उर्दू येत नसलं तरी चालतं. मीम म्हणजे एक बारीक गाठ आणि तिची खाली लोंबणारी शेपटी. ऐन म्हणजे उघड्या तोंडाचा आकडा, साधारण इंग्रजी तीनला आरशात पाहिल्यासारखा.

साल मात्र जपून वाचावं. ते हिजरी असतं आणि अंक उर्दू. एक म्हणजे सरळ रेघ, शून्य म्हणजे टिंब, सात म्हणजे वर उघडलेली पाचर आणि आठ म्हणजे तीच पाचर उलटी. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहाअकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून सरळ बेरीज करून भागत नाही. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. १३३७ हिजरी म्हणजे १९१८-१९. इथं मराठवाड्यातला माणूस हमखास चुकतो, कारण घरातल्या जमिनीच्या कागदांवर साल फसली असतं. फसलीत ५९० मिळवायचे असतात. तोच १३३७ आकडा फसली धरला तर १९२७-२८ येतो. नऊ वर्षांचा हा फरक किती महाग पडू शकतो, ते पुढे सांगतो.

मुलानं आणखी एक गंमत केली होती. गावातल्या एका उर्दू जाणणाऱ्या आजोबांनी त्याला नाण्यावरचा आकडा वाचून दाखवला, 'ब्याण्णव'. यानं फोटोखाली लिहून टाकलं, 'सन १८९२'. निजामाच्या नाण्यांवरचा ब्याण्णव हे साल नव्हे. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. 'मुहम्मद' या नावात मीमचे चाळीस, हे अक्षराचे आठ, पुन्हा मीमचे चाळीस आणि दालचे चार. बेरीज ब्याण्णव. जाणकार ग्राहकानं '१८९२' हे वाचलं असतं तर विकणाऱ्याला काही कळत नाही, हे एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं असतं, आणि त्यानं भाव त्या हिशेबानं मागितला असता.

डब्यात हालीची सुटी नाणी अठ्ठावन्न निघाली. मधे भोक असलेल्या दोन पै, आणे, अशी. ती पुष्कळ घरांत सापडतात. सुटी विकण्यात टपालखर्चही निघत नाही, म्हणून सालवार लावून एकत्र विकावीत. इंग्रजी अमदानीतले पैसे आणि आणे एकोणतीस, त्यांचीही तीच गत. स्वतंत्र भारताची पंचवीस. त्यात पावल्या बऱ्याच. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. चलनातून गेली म्हणून ती दुर्मिळ झाली, असं मात्र नाही. आणि तीन पितळी तुकडे होते, एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा'. असं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. हा सगळा अलीकडचा बाजारी माल आहे. हेच तुकडे 'तांदूळ ओढतात' म्हणून लाखोंना विकण्याचे उद्योग चालतात, आणि शिकलेली माणसंही त्यात अडकतात. तांदूळ कुणी ओढत नाही हो, ओढले जातात ते आपले पैसे.

उरले चांदीचे म्हणवणारे चौदा रुपये. आठ कलदार, सहा हाली. हप्त्याची आशा होती ती यांच्यावर.

इथं एक छोटा वजनकाटा लागतो, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. इंग्रजी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात साडेएक्क्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदी पुरेना, तेव्हा १९४० पासून ती निम्म्यावर आणली. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. हाली रुपया वजनाला ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी सुमारे ८२ टक्के, म्हणजे ९.१ ग्रॅमच्या आसपास. युद्धात तीही निम्म्यावर आली. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशीच्या चांदीच्या भावानं गुणलं की नाण्याची खालची पायरी कळते. त्याच्या खाली कुणी मागितलं तर देऊ नये. वजन बरंच कमी भरलं तर मात्र शंका घ्यावी. बनावट रुपये आपल्या आठवडी बाजारांतही भरपूर फिरतात.

आमच्या आठ कलदारांत दोन निकेलचे निघाले, तीन निम्म्या चांदीचे, आणि तीन जुने. त्यांतला राणीचा रुपया १८६२ चा. मुलगा उडालाच, "दीडशे वर्षांच्या वरचा!" मी म्हटलं, सबुर. १८६२ हे साल त्या ठशावर पुढची कित्येक वर्षं तसंच राहिलं, आणि असे रुपये अफाट संख्येनं पाडले गेले. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया वयानं किती लहान, पण तो सापडणं कठीण, म्हणून त्याच्या मागे संग्राहक धावतात. १९११ च्या रुपयाची गोष्ट आणखी मजेदार. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि सरकारनं पुष्कळ नाणी परत घेऊन वितळवली. ठसा बदलला. म्हणजे नाण्याचा भाव वयावर ठरत नाही. आज किती उरली आहेत, कुणाला हवी आहेत आणि ती कोणत्या स्थितीत आहेत, यावर ठरतो. स्थितीचं म्हणाल तर त्या राणीच्या रुपयाच्या वरच्या कडेला डाग दिल्याची खूण होती. कधीतरी तो गळ्यातल्या माळेत ओवलेला असणार. नंतर कडी काढली. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथंच निम्म्याखाली आली. बाई म्हणाल्या, "आत्यांच्या गळ्यात होती तसली माळ." मग म्हणाल्या, हा नको विकायला. बाजूला ठेवला.

आता ती नऊ वर्षांची गोष्ट. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं. असं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, पाठवलं तर तुरुंगवासाची शिक्षा आहे. इंटरनेटवर ग्राहक दुबईचा आहे की दापोलीचा, हे आधी कळत नाही. परदेशातून भाव जास्त येतो आणि मोह होतो. हिजरी साल फसली समजून वाचलं, तर शंभरी ओलांडलेलं नाणं तरुण वाटतं आणि माणूस बिनघोर ते पाकिटात घालतो. दरवर्षी एकेक सालाची नाणी ही रेषा ओलांडत असतात, हेही ध्यानात असू द्या. शिवाय पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. घरातली दोनचार नाणी काढणारा माणूस व्यापारी नव्हे, पण आपण ज्याला देतो तो व्यापारी परवानाधारक आहे का, हे विचारण्यात लाज कसली? मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथं नाण्यांचे जाहीर लिलाव करणाऱ्या पेढ्या आहेत, त्या आता बोलीही इंटरनेटवर घेतात. नाण्याबद्दल अभ्यासकांचं मत हवं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

आता ती चिठ्ठी. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, हे आपल्याकडे सांगायला नको. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक पिढ्यान् पिढ्या तिथली माती आणत आले. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचं नाव येतं. इथला माल भडोचच्या बंदरात जायचा. त्यामुळे तेरच्या मातीत पावसानंतर मणी, खापरं, नाणी वर येतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर वेचल्या, जपल्या, आणि तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच संग्रहावर उभं आहे, त्यांच्या नावानं. कुठली वस्तू तेरची, हे त्यांनी धरून ठेवलं म्हणून आज तगरचा इतिहास लिहिता येतो. तेच नाणं इंटरनेटवरून कुण्या शहरातल्या कपाटात गेलं, की ते नुसतं 'सातवाहन, शिसं' एवढंच उरतं.

सतरंजीवरच्या ढिगातून मी सहा नाणी खात्रीनं वेगळी काढली. करडी, जड, काहींवर पांढरी भुकटी. शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची. दोनांवर सोंड वर केलेला हत्ती आणि मागे अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. ही सातवाहनांची, हे सांगायला चिठ्ठी लागत नाही. मुलानं विचारलं, यांचे किती येतील? मी म्हटलं, ही विकायची नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा तेव्हाचा, तो तसाच राहिला आहे. कळवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्यात सांगितला आहे. न कळवणाऱ्याचा हक्क जातो आणि वर शिक्षा होऊ शकते. बाई जरा घाबरल्या. सासऱ्यांनी केव्हा वेचली, कुणाला ठाऊक. मी म्हटलं, चिठ्ठी आहे ना, तीच तुमची साक्षीदार. अर्ज आम्ही तिथंच लिहिला. चिठ्ठीची छायाप्रत आणि सहाही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले.

मग बाकीची यादी केली. अनुक्रमांक, वजन, साल, घरात कुणाकडून आलं, आणि दोष. दोष आधी लिहायचे. 'घासलेलं', 'कडेला खाच', असं. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. विकलं गेलं नाही तरी ही यादी घरात राहते. मुलानं ते काम फार नीट केलं. उरलेले दोन जुने कलदार, तिन्ही निम्म्या चांदीचे आणि चार हाली रुपये पावसाळ्यात विकले गेले. सुटी हाली नाणी सोलापूरच्या एका संग्राहकानं एकगठ्ठा घेतली. सगळे मिळून हप्त्याच्या निम्म्याला थोडे कमी पडले. बाकीचे बाईंनी बचत गटातून उचलले. बावीस लाखांच्या मानानं ही रक्कम काहीच नव्हती, पण ती खरी होती आणि वेळेवर आली.

सगळं लावून झालं तेव्हा सतरंजीवर दोन नाणी उरली होती. दोन्ही शिवराया, झिजलेल्या. एका बाजूला 'छत्रपति'मधली दोन अक्षरं कशीबशी दिसतात. शिवराई एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या कनवटीला असायची, त्यामुळे ती पणज्याकडून आलेली असू शकते. आणि पांढरीत पडलेलीही असू शकते. घरची असली तर त्यांची, मातीतली असली तर अर्जात घालायला हवी. बाई बराच वेळ आठवत राहिल्या. पाडव्याच्या पूजेत मामंजी एक शिवराई मांडायचे, असं त्यांना वाटत होतं, पण एक की दोन, ते सांगता येईना. मुलगा खाली मान घालून बसला होता. शेवटी त्यानंच एक कागदी पाकीट घेतलं, दोन्ही नाणी आत ठेवली आणि वर लिहिलं, 'पुरचुंडीतली की घरची, माहीत नाही.' यादीत त्यांना एकशे छत्तीस आणि एकशे सदतीस असे क्रमांक दिले, आणि अर्जाच्या खाली तीच ओळ पुन्हा लिहिली.